सांध्यावरचा हात

त्याला सगळे खात्री म्हणत. कागदोपत्री दुसरं नाव होतं, पण ते कागदावरच राहिलं. दूधवाला म्हणाला, आज दूध दाट आहे, की हा विचारायचा, "खात्री काय?" डॉक्टर म्हणाला, साधा खोकला आहे, घाबरू नका, की "खात्री काय?" लग्नानंतर बायको पहिल्यांदा लाजत म्हणाली, मला इथे करमतंय, तेव्हाही त्याने हेच विचारलं होतं. निदान ती तसं सांगते, आणि तो ते नाकारत नाही.

ज्याला कशाचीच खात्री वाटत नाही त्याला हे नाव देण्यात लोकांची थट्टा होती, तशी थोडी कबुलीही होती. जुन्या गाड्यांचं काम त्याच्याइतकं जपून करणारा दुसरा कोणी त्या भागात नव्हता. एक होता, पण त्याचं नाव खात्रीच्या घरात घेत नसत.

घर गल्लीच्या टोकाला होतं. पुढे पत्र्याची शेड, मागे दोन खोल्या. शेडच्या भिंतीवर खिळ्यांना हत्यारं टांगलेली, आणि प्रत्येक हत्याराभोवती त्याची आकृती रंगाने काढलेली. पाना जागेवर नसला की भिंतीवर त्याचं भूत दिसायचं. आत येणाऱ्या माणसाच्या तोंडाकडे पाहण्याआधी खात्री भिंतीकडे पाहायचा, आणि माणूस गेल्यावर पुन्हा एकदा.

तो एकटाच काम करायचा. दुसरा माणूस हवाच असं काम आलं तर दुसऱ्या माणसाच्या जागी तो काहीतरी ठेवायचा. ब्रेकवर पाय ठेवायला कोणी हवं असेल तर पेडलवर विटा. स्टिअरिंग धरायला कोणी हवं असेल तर दोरी. बायको म्हणायची, "लग्नातसुद्धा माझ्याऐवजी एखादी वीट उभी केली असती तर चाललं असतं."

"वीट उलटून बोलत नाही," तो म्हणायचा.

जीप त्याची स्वतःची होती. मुलीच्या जन्माआधी भंगारवाल्याच्या आवारात झुडपाखाली सापडलेली, चौकोनी तोंडाची, कापडी छपराची, चारही चाकांनी ओढणारी. सुट्या भागांतून त्याने ती पुन्हा उभी केली होती. मुलगी तिच्यातच गाडी चालवायला शिकली. आता मुलगी जनावरांची डॉक्टर झाली होती, आणि तिची नेमणूक डोंगरातल्या एका दवाखान्यात झाली होती. तिथून पुढे गोठ्यागोठ्यांना जायचं तर रस्ते असे, की एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला काही नाही. जीपशिवाय ती नेमणूक घेणं शक्य नव्हतं. खात्रीने जीप देतो म्हणून कबूल केलं होतं, पण एका अटीवर: जायच्या आदल्या दिवशी तो ती खालून पाहील, आणि मनात एवढीशी जरी शंका उरली तरी गाडी शेडमधून हलणार नाही.

तो आदला दिवस आज होता. उद्या सकाळी तिला निघायचं होतं. सामान दाराशी बांधून ठेवलेलं होतं.

दोन महिन्यांपूर्वीच त्याने पुढच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्याचे सांधे बदलले होते. स्टिअरिंग फिरवलं की चाकं फिरतात ती या सांध्यांच्या जोरावर. खुब्यात हाड बसावं तशी लोखंडी वाटीत पोलादाची गोटी बसलेली असते. ती झिजली की गाडी आपल्या मनाने चालू लागते. नवीन सांधे आणले, तेव्हा त्याने ते दुकानात हाताने फिरवून, कानाशी धरून, नखाने खरवडून पाहिले होते. दुकानदार वैतागून म्हणाला होता, "चाटून पण बघा." त्याने खरंच ग्रीस जिभेला लावलं असतं, पण मागे गिऱ्हाईकं उभी होती.

दुपारी चहा झाल्यावर तो गोणपाट अंथरून जीपखाली शिरला. हातात बॅटरी. आधी उजवा सांधा. वर खाचांचा नट, नटाच्या खाचेतून आरपार गेलेली पिन, आणि पिनेचे दोन्ही पाय नटाभोवती आडवे वळवून घट्ट मिटलेले. माणसाने हाताची घडी घालावी तसे. ही त्याची पद्धत. मग तो डावीकडे सरकला, आणि बॅटरीचा झोत सांध्यावर पडताच त्याच्या मनात पाल चुकचुकली.

इथल्या पिनेने हाताची घडी घातलेली नव्हती. तिचा एक पाय बोल्टच्या डोक्यावरून वर वळवलेला होता, आणि दुसरा आखूड कापून खाली दाबलेला.

खात्रीने बॅटरी आणखी जवळ नेली. पिनेचा पाय असा वळवायला त्याच्या उस्तादाने शिकवलं होतं, आणि उस्तादाच्या हाताखाली दोघंच तयार झाले होते. त्यातल्या एकाने, म्हणजे खात्रीने, पुढे ती पद्धत सोडली. उरला एक.

दाजी.

तेव्हा तो दाजी नव्हता. तेव्हा ते दोघं एका ताटात जेवणारे, एकमेकांना शिव्या घालणारे भागीदार होते. एक दिवस भागीदाराने खात्रीच्या धाकट्या बहिणीला मागणी घातली, आणि खात्रीने नाही म्हटलं. का नाही, ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं; ज्याचे सगळे गुण आपल्याला माहीत आहेत त्याला बहीण देववत नाही, एवढंच. त्याच आठवड्यात एका गाडीचा सांधा तपासायचा होता. हे काम दोघांचं. एकाने स्टिअरिंग किंचित डावी-उजवीकडे हलवायचं, दुसऱ्याने खाली पडून सांध्यावर तळहात ठेवायचा. सांधा सैल असेल तर तळहाताखाली टक् होतं. खाली खात्री होता. वर बसायचा होता भागीदार. खालून अजून काही सांगितलेलं नसताना स्टिअरिंग एकदम गर्रकन फिरलं, आणि दांडा आणि स्प्रिंगच्या पाट्या यांच्यामध्ये खात्रीच्या डाव्या हाताची तर्जनी सापडली.

बोट राहिलं, पण टोक कायमचं बधिर झालं. भागीदार एवढंच म्हणाला, "चढताना पाय घसरला. तोल सावरायला व्हील धरलं." नंतरही कोणी विचारलं तर तेच. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. न बदलणाऱ्या उत्तरावर खात्रीचा कधीच विश्वास बसत नसे. खरं बोलणारा माणूस थोडा तरी चुकतो, असं त्याचं म्हणणं.

सहा महिन्यांनी बहिणीने त्याच माणसाशी लग्न केलं. खात्रीने त्याला त्या दिवसापासून "अहो दाजी" म्हणायला सुरुवात केली. मान दिला, बोलणं बंद केलं.

आणि आता त्याच दाजीची पिन, त्याच्या जीपखाली, त्याच्या मुलीच्या चाकाशी.

तो बाहेर आला तो सरळ भिंतीकडे पाहत. सगळी हत्यारं जागेवर होती. म्हणजे काम इथे झालेलं नव्हतं.

बायको आत कपड्यांच्या घड्या करत होती. तो दारात उभा राहिला.

"गाडी मधे कोण घेऊन गेलं होतं?"

"कोण नेणार? किल्ली तर तुमच्या उशीखाली असते."

"रोज नसते."

"मग ज्या दिवशी नसते त्या दिवशी तुमची लेक नेते. गाडी तिलाच देताय ना?"

"कुठे नेली होती?"

बायकोने टॉवेलची घडी उलगडून पुन्हा घातली. चांगली घडी पुन्हा घालणारी बाई काहीतरी लपवत असते, हे त्याला इतक्या वर्षांच्या संसारात कळून चुकलं होतं.

"तिलाच विचारा," ती म्हणाली. "आणि विचारताना फौजदारासारखे उभे राहू नका. बसून विचारा."

तो बसला नाही. मुलगी बाजारातून येईपर्यंत तो शेडमध्ये फेऱ्या मारत राहिला, आणि त्याच्या डोक्यात एक एक दार उघडत गेलं. बहिणीला मूल नव्हतं; त्यांना ही मुलगी पोटच्यासारखी, म्हणून दाजी तिच्या जिवावर उठणार नाही. पण ती डोंगरात गेली तर त्यांच्यापासूनही लांब जाणार. मग ती जाऊ नये, गाडीत खोट निघावी, खात्रीने स्वतःच तिला अडवावं, असा डाव असेल तर? त्याला स्वतःच्या या विचाराचं कौतुक वाटलं, आणि लगेच किळसही आली. पण पुसून टाकता येईना. शंकेचं असंच असतं. ग्रीससारखी, पुसायला जावं तर आणखी पसरते.

मुलगी आली. हातात पिशव्या. त्याचा चेहरा पाहून तिने पिशव्या हळूच खाली ठेवल्या.

"डावा सांधा," तो म्हणाला.

"आतोबांनी बदलला." तिने एका दमात सांगून टाकलं. "मागच्या महिन्यात. मी आत्याकडे गेले होते तेव्हा."

"कोणाला विचारून?"

"बाबा, गाडी डावीकडे ओढत होती. मी तुम्हाला सांगितलं होतं."

"कधी?"

"जेवताना. तुम्ही म्हणालात, रस्ताच वाकडा आहे."

आतून बायको हसली. खात्रीने तिकडे पाहिलं नाही. म्हटलं होतं खरं. नवीन सांधे टाकलेल्या गाडीला दोष देण्यापेक्षा रस्त्याला देणं सोपं होतं.

"आणि दाजींनी गाडीला हात लावला आणि त्यांना लगेच कळलं?"

"लगेच नाही. त्यांनी मला स्टिअरिंगवर बसवलं, आणि स्वतः खाली गेले. म्हणाले, नवा दिसतोय पण आतून सैल आहे. एखादा निघतो असा."

"तुला बसवलं?"

"ते नेहमी दुसऱ्याला बसवतात. कोणी खाली असेल तर आतोबा स्टिअरिंगला हात लावत नाहीत. आत्या म्हणते, लग्नाआधीपासून."

खात्रीच्या बधिर बोटात मुंग्या आल्यासारखं झालं. यायला नको होत्या. तिथे काही उरलंच नव्हतं. चोराच्या मनात चांदणं, त्याने स्वतःला सांगितलं. ज्याचं मन साफ आहे तो कशाला घाबरेल?

"माझा जुना सांधा कुठे आहे?"

"त्यांच्याकडेच. फेकत नाही म्हणाले. एक दिवस तुझा बाप मागेल."

"मग बोलव त्याला. सांधा घेऊन ये म्हणावं. आणि तोवर तुझं सामान आत ने."

"बाबा—"

"आत ने म्हटलं ना!"

तिने सामान उचललं नाही. फोन उचलला.

दाजी दिवस मावळायच्या आत आला. केस पिकलेले, चालताना गुडघा जरा आखडलेला. शेडच्या तोंडाशी थांबला, आत पाऊल टाकलं नाही. खात्रीने आधी भिंतीकडे पाहिलं आणि मग त्याच्याकडे.

"या दाजी. बसा."

"बसायला बोलावलंय असं वाटत नाही," दाजी म्हणाला, आणि फडक्यात गुंडाळलेला सांधा पुढे केला.

खात्रीने गोटी अंगठ्याने ढकलली. जागची हलली नाही. दोन्ही हातांनी जोर लावला, घट्ट. त्याने सांधा बायकोला दिला, तिने तो मुलीला दिला.

"हा सैल आहे?" खात्रीचा आवाज चढला. "हा सैल? सगळ्यांनी पाहा. चांगला सांधा काढला माझा!"

"हातात घट्टच लागतो," दाजी म्हणाला. "गाडीचं ओझं आलं की बोलतो."

"खात्री काय?"

"मी सांगून तुम्हाला पटणार आहे का? बसवून बघा."

कित्येक वर्षांनंतर त्या शेडमध्ये कोणीतरी शहाणपणाचं बोललं होतं, आणि ते दाजीने बोलावं याचाच खात्रीला राग आला. पण दुसरा मार्ग नव्हता. ज्या सांध्यावर आळ होता त्यालाच पुन्हा गाडीत बसवायचं, आणि साक्ष काढायची.

त्याने जॅकने चाक उचललं, गाडी टेकवायला खाली लोखंडी घोडी लावली. दाजीची पिन सरळ करून काढली, नट सैल केला. सांध्याचा बोल्ट ज्या भोकात बसतो त्या डोळ्याला एका बाजूने मोठ्या हातोड्याचा टेकू देऊन दुसऱ्या बाजूने ठोका घालायचा असतो. तेव्हाच निमुळता बोल्ट जागा सोडतो. एकट्याने दोन हातोडे वापरताना त्याचा टेकू दर वेळी सरकत होता. दाजी बाहेरूनच पाहत होता. चौथ्या-पाचव्या ठोक्याला तो काही न बोलता आत आला, खाली बसला आणि टेकू धरला. पुढच्या ठोक्याला बोल्ट सुटला.

"मी बोलावलं नव्हतं," खात्री म्हणाला.

"मी कुठे काय म्हटलं."

जुना सांधा बसला. नट आवळला, घोडी काढली, जीप आपल्या चाकांवर उतरली. आता काम दोघांचं होतं. मुलगी स्टिअरिंगकडे निघाली.

"तू नको," खात्री म्हणाला. "दाजी बसतील."

बायकोने पदराने हात पुसले, ते कोरडेच होते.

"मी नाही बसत," दाजी म्हणाला. "मी खाली जातो. तुम्ही वर बसा. किंवा तिला बसू द्या."

"सांधा काढला तुम्ही. सैल आहे म्हणालात तुम्ही. मग हलवून दाखवाल तुम्हीच."

"का हट्ट करता?"

"तुम्ही का घाबरता?"

दाजीने खात्रीच्या डाव्या हाताकडे एकदा पाहिलं. मग पायरीची पट्टी हाताने चाचपली, पुसली, त्यावर पाय ठेवून दाबून पाहिला, आणि दोन्ही हातांनी दाराची चौकट धरून म्हाताऱ्या माणसासारखा सावकाश चढला.

खात्री खाली शिरला. वरचं जग आता फक्त पायांचं होतं: मुलीच्या चपला, बायकोची साडीची किनार. त्याने तळहात सांध्यावर ठेवला. डावा. मुद्दाम. बधिर बोट दांड्याला टेकलं आणि त्याला काहीच लागलं नाही. आत्ता गर्रकन फिरलं तर, त्याच्या मनात आलं. पुन्हा पाय घसरला तर. आणि त्याच्या लक्षात आलं, की इतकी वर्षं तो याच क्षणाची वाट पाहत होता. दुसऱ्यांदा झालं असतं तर पहिल्या वेळची खात्री पटली असती.

"हलवा."

काही झालं नाही.

"हलवा, दाजी."

मग दांड्यात काहीतरी आलं. हालचाल नव्हती ती. बारीक थरथर, इंजिन सुरू असावं तशी. पण इंजिन बंद होतं. खात्रीने किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली होती. त्याने उजव्या हाताने चाचपून पाहिली. होती. मग ही थरथर कुठून येतेय, हे त्याला कळायला थोडा वेळ लागला. वरच्या माणसाचे हात स्टिअरिंगवर होते, आणि ते हात पोलादातून खाली उतरत होते.

मग स्टिअरिंग हललं. निजलेल्याने कूस बदलावी तितकंच. डावीकडे, उजवीकडे.

टक्.

खात्रीने तळहात आणखी दाबला. "हळू."

आणखी हळू. टक्.

"तुम्ही झटका देताय."

"नाही देत."

"उतरा. तिला बसवा."

दाजी उतरला, मुलगी चढली. तिने हलवलं. टक्. तळहाताच्या मधोमध, स्पष्ट, दारावर कोणी एका बोटाने वाजवावं तसं.

खालचा माणूस सांगेल तेच वरच्यांना खरं मानावं लागतं. वाजतोय हे फक्त खात्रीच्या हाताला ठाऊक होतं. नाही वाजत म्हटलं असतं तर शेडमध्ये त्याला खोटं पाडणारं कोणी नव्हतं. दाजी खोटा ठरला असता, बोटाचाही निकाल लागला असता. आणि मुलगी उद्या हाच सांधा घेऊन कड्याच्या रस्त्याला लागली असती. हा विचार इतक्या सहज येऊन गेला, की त्याला दाजीपेक्षा स्वतःचाच जास्त संशय आला.

"वाजतोय का?" वरून दाजीने विचारलं.

"वाजतोय."

"खात्री काय?" बायको म्हणाली.

मुलगी फस्सकन हसली. कोणी तिला गप्प केलं नाही.

"गेलाय," खात्री खालून म्हणाला. "माझ्या हाताला एकट्याला कळला नसता. दोरीला तर नाहीच." मग हात बाहेर काढून, "नवा कुठे ठेवलास? दे इकडे. आणि टेकू धर."

दाजीने सांधा दिला, आणि गुडघा चोळत खाली बसला. नवा सांधा पुन्हा बसला. चाकं सरळ आहेत का ते पाहायला पुढे-मागे सुतळी धरायची होती. एक टोक एकाने, एक दुसऱ्याने. सुतळी ताणलेली असताना, दोघांमध्ये जीपची रुंदी असताना, खात्रीने विचारलं,

"त्या दिवशी काय झालं होतं?"

"पाय घसरला. तोल सावरायला व्हील धरलं."

"खात्री काय?"

दाजीने सुतळीचं टोक चाकावर नीट दाबून धरलं. "मलाच नाही," तो म्हणाला. "मी दर वेळी तेच सांगतो, कारण तेवढंच आठवतं. रागात होतो, हेही आठवतं. आता पायाला विचारू की रागाला?"

उत्तर पहिल्यांदा बदललं होतं. खात्रीने सुतळी सोडली नाही. म्हणाला, "तुझ्याकडे एक बोट जास्त येतंय. मागे घे."

दाजी जेवायला थांबला नाही. तो जाताना खात्रीने सवयीने भिंतीकडे पाहिलं. एका पान्याची आकृती रिकामी होती. मान खाली घालून त्याने शोधलं. पाना त्याच्याच मागच्या खिशात निघाला.

सकाळी मुलगी निघण्याआधी तो पुन्हा जीपखाली गेला. डाव्या सांध्याच्या पिनेने हाताची घडी घातलेली होती. त्यानेच घातली होती. तरी ती हलवून पाहिली, मग उजवी हलवून पाहिली, मग बाहेर आला आणि खिशातून किल्ली काढून मुलीच्या हातावर ठेवली. ठेवल्यावर लगेच हात मागे घेतला नाही.

"सांधा पक्का आहे," तो म्हणाला. "महिन्याने कोणाला तरी खाली घाल आणि तू वर बस. एकटीने बघू नकोस."

"आणि काही?"

"रस्ता वाकडा आहे," खात्री म्हणाला. "त्याला मी काय करू."